सायमन डी मॉन्टफर्टची वही एकच आहे

इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या भर बाजारात 1868 साली उभारलेला घड्याळाचा मनोरा आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर शहराला ललामभूत वाटलेले चार पुरुष दगडात उभे आहेत. त्यांतला एक सायमन डी मॉन्टफर्ट, तेराव्या शतकातला लेस्टरचा अर्ल, म्हणजे तिथला बडा जहागीरदार सरदार. 1913 साली बांधलेल्या मोठ्या सभागृहाला त्याचे नाव आहे. 1992 साली तिथल्या पॉलिटेक्निकचे विद्यापीठ झाले तेव्हा तेही त्याच्याच नावाने झाले. आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या भिंतीवर जगभरच्या विधिकर्त्यांच्या ज्या संगमरवरी मुखाकृती बसवल्या आहेत त्यांत हाम्मुराबी आणि मोझेस यांच्या पंक्तीत हा गृहस्थही आहे. याच माणसाने 1231च्या सुमारास लेस्टरमधून ज्यूंना हाकलून दिले. 2001 साली लेस्टरच्या नगरपालिकेने त्या कृत्याचा जाहीर निषेध केला, पण पुतळा आणि नावे जागच्या जागी राहिली. पुढे विद्यापीठाचे नाव बदलावे अशी मागणी विद्यार्थ्यांमधूनही आली आणि वाद पुन्हा तापला.

वाद व्हायलाच हवा होता. पण तो ज्या तऱ्हेने घातला जातो ती तऱ्हा मला मान्य नाही. एक पक्ष म्हणतो, हा पार्लमेंटचा जनक, राजाला कायद्याखाली आणणारा. ज्यूंना हाकलले हे खरे, पण तो त्याच्या काळाचे अपत्य होता. दुसरा पक्ष म्हणतो, हा धर्मांध आणि लुटारू. पार्लमेंटबिर्लमेंट हा नंतरच्या काळाने चढवलेला मुलामा. दोघेही वही उघडून एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे मांडत बसतात आणि मग शिल्लक कुणीकडे निघते यावर भांडतात. माझे म्हणणे असे की या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत टाकताच येत नाहीत. ज्या राजकारणातून 1265 चे पार्लमेंट निघाले त्याच राजकारणातून ज्यूंवरचे हल्लेही निघाले. माणसे तीच, तक्रारी त्याच आणि ‘आपण’ म्हणजे कोण याची व्याख्याही तीच. हे मान्य केले तर नाव ठेवावे की काढावे हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो.

आधी माणूस पाहू. इंग्रजी स्वातंत्र्याचा हा वीर मुळात फ्रेंच. जन्म 1208च्या सुमारास, बाप त्याच नावाचा, दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी मानलेल्या पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती; 1218 साली तुलूजच्या वेढ्यात यंत्रातून फेकलेला दगड डोक्यात बसून मेला. धाकट्या मुलाला फ्रान्समध्ये फारसे मिळण्याजोगे नव्हते; आजीकडून लेस्टरच्या अर्लपदावर एक जुना हक्क मात्र येत होता. थोरल्या भावाने तो सोडल्यावर विशीतला सायमन 1230 साली इंग्लंडला आला आणि वर्षभरात जहागीर पदरात पाडून घेतली. 1238च्या जानेवारीत त्याने राजा तिसरा हेन्री याच्या विधवा बहिणीशी, एलिनॉरशी, राजाच्या खासगी प्रार्थनामंदिरात गुपचूप लग्न केले. तिने पहिल्या नवऱ्यामागे ब्रह्मचर्याची शपथ घेतली होती, म्हणून धर्माधिकारी संतापले. दरबाराला विचारले नाही म्हणून सरदार संतापले. पुढच्याच वर्षी मेहुण्या-मेहुण्यांत पैशावरून असा खटका उडाला की सायमनला देश सोडावा लागला. नंतर धर्मयुद्ध, मग परतणे, मग 1248 पासून नैऋत्य फ्रान्समधल्या, इंग्लंडच्या राजाच्या मालकीच्या गॅस्कनी प्रांताचा कारभार, आणि तिथल्या जुलमाच्या तक्रारींवरून 1252 साली राजासमोर चौकशी. सरदारांनी त्याची बाजू घेतली, तो सुटला. पण राजाने आपल्याला भर दरबारात आरोपी केले ही गोष्ट तो विसरला नाही. विसरणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

हेन्रीचे दिवाळे कशाने वाजले, हेही ध्यानात घ्यायला हवे. पोपने त्याच्या धाकट्या मुलाला सिसिलीचे राज्य देऊ केले, आणि त्याबदल्यात हेन्रीने पोपचे 1,35,000 मार्कांहून अधिक कर्ज अंगावर घेतले. मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड. दरबारात राजाच्या सावत्र भावांची मिजास, वेल्समध्ये पराभव, त्यात 1257-58 चा दुष्काळ. 1258च्या एप्रिलअखेर सरदार चिलखते घालून वेस्टमिन्स्टरच्या दालनात शिरले आणि त्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या तरतुदी झाल्या: 15 जणांचे मंडळ, त्याच्या सल्ल्याने राजाने चालायचे, वर्षातून तीनदा पार्लमेंट भरायचे. त्याच उन्हाळ्यात थेम्स नदीवर वादळ झाले तेव्हाचा एक किस्सा बखरकार मॅथ्यू पॅरिसने नोंदवला आहे. राजा किनाऱ्याला लागला तो नेमका सायमन होता तिथे. सायमन म्हणाला, वादळ तर ओसरले, आता भिण्याचे कारण काय? हेन्री उत्तरला, विजेचे आणि गडगडाटाचे मला अतोनात भय वाटते, पण जगातल्या साऱ्या विजांहून आणि गडगडाटांहून मी तुला भितो.

आता विरोधकांचे सर्वांत बळकट मुद्दे घेतो, कारण त्यांतले बरेच खरे आहेत. सायमनला ‘पार्लमेंटचा जनक’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. पार्लमेंट त्याच्या आधीपासून भरत होते. परगण्यांतून निवडलेले नाइट, म्हणजे छोटे जमीनदार सरदार, 1254 सालीच बोलावले गेले होते, तेही राजा परदेशी असताना त्याच्या राणीने आणि भावाने, करासाठी. 20 जानेवारी 1265 ला जे पार्लमेंट भरले त्याला सायमनने प्रत्येक परगण्यातून दोन नाइट आणि नगरांतून दोन-दोन प्रतिनिधी बोलावले हे नवे खरे. पण त्याच सभेला सरदार मात्र अवघे 23 बोलावले, कारण देशातले बहुतेक मोठे सरदार तोवर त्याच्या विरोधात गेले होते. ज्याच्या घरचे पाहुणे रुसले, त्याने गल्लीला आमंत्रण दिले, असे कुणी म्हटले तर मी फार वाद घालणार नाही. स्वार्थाचे म्हणाल, तर एलिनॉरला पहिल्या नवऱ्याच्या जहागिरीतून मिळायचा विधवेचा वाटा कमी धरला गेला ही तक्रार नवराबायकोने वीस वर्षे चालवली. 1259 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातला तह पुरा व्हायचा होता, तोही त्यांनी त्या पैशासाठी अडवून धरला. लुइस या गावाजवळच्या लढाईत 14 मे 1264 ला राजा आणि युवराज दोघेही हाती लागल्यावर तर मुलांना इस्टेटी आणि अधिकार वाटण्यात सायमनने जी घाई केली, तिच्यामुळे ग्लॉस्टरच्या अर्लसारखा जोडीदार फिरला. राजाच्या नातलगांच्या हावरेपणाविरुद्ध उठलेल्या माणसाच्या घरात दुसरे काय चालले होते?

हे सगळे मान्य करूनही, ‘तो नुसता सत्तेचा खेळ होता’ हे मला पटत नाही. सत्तेचाच खेळ असता तर 1261 साली पोपने राजाला ऑक्सफर्डच्या तरतुदी पाळण्याच्या शपथेतून मोकळे केले आणि इतर सरदार एकेक करून राजाकडे वळले, तेव्हा सायमननेही मांडवली केली असती. त्याने देश सोडला, पण शपथ मोडली नाही. त्याहून मोठा पुरावा सरदारांच्या गोटाबाहेरचा आहे. 4 ऑगस्ट 1265 ला ईव्हशॅमच्या लढाईत सायमन पडला. त्याच्या देहाचे तुकडे केले गेले, मुंडके राजपक्षाच्या रॉजर मॉर्टिमर या सरदाराच्या बायकोकडे भेट म्हणून रवाना झाले. त्यानंतर काही दिवसांतच लेस्टर परगण्यातल्या पीटलिंग मॅग्ना नावाच्या खेड्यातून राजपक्षाच्या पीटर डी नेव्हिल या सरदाराची माणसे गाडी घेऊन चालली होती. गावकऱ्यांनी ती अडवली. का? कारण तुम्ही ‘राज्याच्या समुदायाच्या हिताविरुद्ध आणि सरदारांविरुद्ध’ वागता आहात, असे गावकरी म्हणाले. पुढे गावावर 20 मार्कांचा दंड बसला, हमी म्हणून पाच गावकरी ओलीस नेले गेले, प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले आणि म्हणूनच हे शब्द आज आपल्यासमोर आहेत. नेता मेलेला, बाजू हरलेली, आणि चिखलात उभा असलेला कुळवाडी ‘राज्याचा समुदाय’ हा शब्द उच्चारतो आहे. लॅटिन जाणणाऱ्या पाद्र्यांच्या कवितेत हा विचार असणे वेगळे आणि गाडीचा बैल धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी असणे वेगळे. सायमनचे म्हणून जे काही मोठेपण आहे, ते मला त्या जानेवारीतल्या सभेपेक्षा या खेड्यात जास्त दिसते.

मग त्या समुदायात कोण होते आणि कोण नव्हते? इथे पहिल्या पक्षाच्या ‘काळाचे अपत्य’ या युक्तिवादाची कसोटी लागते. इंग्लंडमधले ज्यू कायद्याने राजाची मालमत्ता होते. ते व्याजाने पैसे देत, आठवड्याला पौंडामागे दोन पेन्सपर्यंत, म्हणजे वर्षाला सुमारे 43 टक्के. आणि राजा त्यांच्यावर मनाला येईल तेवढा कर बसवी. 1241 साली 20,000 मार्क, 1244 साली 60,000. हे पैसे ज्यूंनी आणायचे कुठून? ऋणकोकडून, तगादा लावून. मोठमोठ्या गावांत सरकारी पेट्या होत्या, तीन कुलपांच्या, त्यांत प्रत्येक कर्जरोख्याची एक प्रत असे, म्हणजे राजाला आपल्या दुभत्या गाईचे दूध किती ते कळावे. ज्यूला देता आले नाही की रोखे बड्या असामींच्या हाती जात आणि छोट्या नाइटची जमीन त्यांच्या घशात जाई. 1258च्या सरदारांच्या अर्जात ही तक्रार कलम म्हणून नोंदली आहे. आपल्याकडे 1875च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दप्तरे ओढून काढली आणि रोखे जाळले, त्याची इथे आठवण येते. तिथेही कागद सावकाराच्या घरात सापडला आणि मागचा सरकारी सारा मात्र नजरेआड राहिला. सुप्याला मुख्यतः कागद जळाले. लंडनला माणसे मारली गेली.

1264च्या एप्रिलमध्ये, लुइसच्या लढाईच्या महिनाभर आधी, सायमनच्या पक्षाचा सरदार जॉन फिट्झजॉन याच्या पुढारीपणाखाली लंडनच्या ज्यू वस्तीवर हल्ला झाला. कॉक हा अब्राहमचा मुलगा, शहरातला अतिशय धनाढ्य ज्यू, त्याला फिट्झजॉनने स्वतःच्या हाताने मारल्याचे बखरी सांगतात. मृतांचा आकडा त्या शेकड्यांत देतात. लुटीतला वाटा सायमनकडे पोचला. कँटरबरीत ग्लॉस्टरचा अर्ल, वूस्टरमध्ये डर्बीचा अर्ल, विंचेस्टरमध्ये खुद्द सायमनचा त्याच नावाचा मुलगा: हल्ल्यांचे पुढारी तेच होते ज्यांच्या नावाने राज्याचा समुदाय बोलत होता. आणि लक्ष्य पुन्हा त्या पेट्या. सत्ता आल्यावर सायमनच्या सरकारने अनेक पाठीराख्यांची ज्यूंकडची कर्जे माफ करून टाकली. याला धर्मवेड म्हणून भागत नाही. हे सुधारणेच्या कार्यक्रमातले एक कलमच होते, जे कायद्याने नीट वठले नाही ते तलवारीने वठवले गेले. याचा उलट पुरावाही आहे. लुइसनंतर राज्याची मोहोर सायमनच्या हाती आली तेव्हा त्याच्याच सरकारने उरलेल्या ज्यूंना संरक्षण देण्याचे हुकूम काढले. द्वेष एका महिन्यात ओसरला काय? नाही, आता गाय आपल्या गोठ्यात होती.

‘काळाचे अपत्य’ म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र प्रामाणिकपणे ऐकायला हवे. ज्यू वेशावरून वेगळे ओळखू यावेत हा नियम 1215च्या धर्मसभेने केला. लिंकनमध्ये एका मुलाच्या खुनाच्या कपोलकल्पित आरोपावरून 1255 साली 19 ज्यूंना फासावर दिले ते हेन्रीने, सायमनने नव्हे. पॅरिसमध्ये ज्यूंच्या धर्मशास्त्राचे तालमूद ग्रंथ गाड्या भरभरून जाळले ते नवव्या लुईने, ज्याला पुढे संतपद मिळाले. मग एकट्या सायमनला आरोपीच्या पिंजऱ्यात का? प्रश्न रास्त आहे. पण ‘काळ’ नावाचा एकच माणूस कधी नसतो. लेस्टरमधून निघालेले ज्यू कुठे गेले? शहराच्या पूर्वेला वेशीबाहेरच, सायमनच्या आजीची बहीण, विंचेस्टरची काउंटेस मार्गारेट हिच्या जमिनीवर. तिने त्यांना ठेवून घेतले. दयेपोटी की उत्पन्नापोटी, हे सोडून देऊ. लेस्टरचा तेव्हाचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने तिला पत्र लिहून बजावले. त्या पत्रात ज्यूंविषयी कठोर शब्द आहेत, पण दोन गोष्टी अशा आहेत ज्या आजच्या समर्थकांनी वाचाव्यात: त्यांना ठार मारता कामा नये, आणि जो राज्यकर्ता व्याजाच्या पैशातला वाटा घेतो तो पिळवणुकीचा भागीदार आहे. ग्रोसटेस्ट पुढे सायमनचा स्नेही आणि मार्गदर्शक झाला. म्हणजे 1264 साली लुटीतला वाटा घेताना, हे पाप आहे असे सांगणारा आवाज सायमनने वर्षानुवर्षे जवळून ऐकलेला होता. ज्याने 1259च्या मृत्युपत्रात आपल्या जमिनीवरच्या गरीब कुळांवर आपल्याकडून अन्याय झाला असेल तर भरपाई करा असे आवर्जून लिहिले, त्याला सदसद्विवेक नव्हता असे म्हणता येत नाही. तो कुठवर पोचत होता, एवढाच प्रश्न आहे. कुळापर्यंत पोचत होता, ज्यूपर्यंत नाही.

आणि या सगळ्याचा शेवट सायमनच्या मरणाने होत नाही. त्याला मारणारा युवराज, म्हणजे एलिनॉरचा भाचा एडवर्ड, पुढे राजा झाला. सायमनला हरवले तरी परगण्यांच्या आणि नगरांच्या प्रतिनिधींना बोलावण्याची युक्ती त्याने उचलली, कारण कराला संमती मिळवायची तर कर देणाऱ्यांना बोलावणे सोयीचे असते. 1290च्या जुलैमध्ये त्याला पैसा हवा होता. परगण्यांतले नाइट पार्लमेंटला आले आणि त्यांनी कर मंजूर केला. वसूल झाले सुमारे 1,16,000 पौंड, मध्ययुगीन इंग्लंडमधली ती एका करातली सर्वांत मोठी रक्कम मानली जाते. बदल्यात त्यांना काय मिळाले? 18 जुलैला हुकूम सुटला: 1 नोव्हेंबरपर्यंत सर्व ज्यूंनी देश सोडावा. तोवर करांनी पिळून ज्यूंकडे राजाला देण्याजोगे फारसे उरले नव्हते, म्हणून राजाला तो सौदा स्वस्तात पडला. दोन-तीन हजार माणसे गेली. म्हणजे युरोपात पहिल्यांदाच एका संपूर्ण राज्याने ज्यूंना कायमचे बाहेर काढले, ते एका लहरी हुकूमशहाच्या झटक्याने नव्हे. प्रातिनिधिक संस्थेशी केलेल्या वाटाघाटीतून. सायमनच्या समर्थकांना हे कुठे लिहायचे, जमेत की नावे? अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एडवर्डचीही मुखाकृती आहे, हे जाता जाता सांगतो.

‘हे मध्ययुगातले’ म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी लेस्टरचेच एक उदाहरण पुरे. 1972 साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना, त्यांत बहुसंख्य गुजराती, 90 दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: घरे नाहीत, शाळा भरल्या आहेत, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका. ही जाहिरात देणारे कुणी अर्ल नव्हते. ते मतपेटीतून आले होते आणि आपल्या मतदारांची तक्रार प्रामाणिकपणे मांडत होते. लोक तरीही आले, आणि आजचे लेस्टर त्यांच्यावाचून कल्पिता येत नाही. प्रतिनिधित्वाने राजाला वेसण घातली हे खरे. पण ज्यांना प्रतिनिधीच नाही त्यांच्यापासून वाचवणारे त्यात काहीही नव्हते, आणि ते वेगळे कमवावे लागले.

मग नावाचे काय? विद्यापीठाने ते ठेवले तरी माझी हरकत नाही, काढले तरी अश्रू ढाळणार नाही. नावावर हुकूम काढण्याचा प्रयोग तसाही 1266 सालीच होऊन गेला आहे: सायमनच्या थडग्यापाशी चमत्कार होतात अशी वदंता पसरली, सुमारे 200 चमत्कारांची यादी झाली, तेव्हा हरलेल्या बंडखोरांशी झालेल्या केनिलवर्थच्या करारात त्याला संत म्हणण्यावर बंदीचे कलम घालावे लागले, आणि लोक म्हणतच राहिले. माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे. ‘जनक’ ही पदवी आधी पुसा, कारण ती खोटी आहे. आणि ‘काळाचे अपत्य’ हा बचावही सोडा, कारण तो आळशी आहे. डिसेंबर 1264 मध्ये नगरांना धाडलेली बोलावणी जिथे कौतुकाने शिकवली जातात, तिथे त्यांच्या शेजारी लेस्टरची ती सनद ठेवा, जिच्यात विशीतल्या सायमनने आपल्या आणि पूर्वजांच्या आत्म्याच्या कल्याणासाठी लिहून दिले की माझ्या हयातीत किंवा माझ्या कोणत्याही वारसाच्या काळात, जगाच्या अंतापर्यंत, एकही ज्यू या शहरात राहणार नाही.

ते वारस 34 वर्षे टिकले. 1265च्या शरदात अर्लपद राजाच्या धाकट्या मुलाला मिळाले. त्या सायमनच्या पुतळ्यापासून फार लांब नाही, नगरभवनासमोरच्या चौकात 1879 साली बसवलेले कारंजे आहे. ते शहराला भेट दिले इझ्रायल हार्ट या ज्यू कापड-कारखानदाराने, जो पुढे लेस्टरचा महापौर झाला, आणि तोही एकदा नव्हे.